स्वतंत्रपूरची घरे

सांगली जिल्ह्याच्या नकाशावर आटपाडी शोधायची तर बोट ईशान्येच्या कोपऱ्यापर्यंत न्यावे लागते. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातले सांगोले, वरच्या अंगाला साताऱ्याचा माण तालुका. हा सगळा माणदेश. माणगंगा इथूनच वाहते, म्हणजे पाऊस झाला तर वाहते. खिल्लार बैल, मेंढरे, बाजरी आणि अलीकडे डाळिंब यांचा हा मुलूख. गदिमांचा जन्म याच भागातल्या शेटफळ्याचा आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ इथल्याच माळावरची, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला हा भाग न पाहताही ओळखीचा वाटतो. या आटपाडीपासून जवळच स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. सरकारी कागदांत तिची नोंद तुरुंग म्हणून आहे. तिला तट नाही, आणि तिथले बंदी बायकामुलांबरोबर, आपल्याच चुलीवरचे खात राहतात. 1939 च्या सुमारास ही वसाहत झाली तेव्हा इथे औंधच्या पंतप्रतिनिधींचे राज्य होते.

आपल्या बेळगावकरांना तुरुंग म्हटला की हिंडलगा आठवतो. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने जाताना बसच्या खिडकीतून त्याचा तट आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. कोणी आत गेले की वर्तमानपत्रात नाव छापून येते. चौदा-पंधरा वर्षांनी तोच माणूस कापडी पिशवी घेऊन दारातून बाहेर पडतो, तेव्हा तो कुठल्या बसमध्ये बसतो आणि कुठे उतरतो हे विचारणारे कोणी नसते. स्वतंत्रपूरला जाऊन यावे असे मला वाटू लागले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. त्याचे कारण पुढे येईलच.

मिरजेपर्यंत रेल्वेने गेलो. घटप्रभा, रायबाग, कुडची अशी स्टेशने मागे पडत गेली आणि कृष्णा ओलांडली की डब्यातली बोली नकळत कन्नडची मराठी होऊ लागते. मिरजेला माझा जुना वर्गमित्र गाडी घेऊन आला होता. बरोबर आमची सौ. होती. ती धारवाडची, लग्नाला वीस वर्षे झाली तरी हिशेब अजून कन्नडमध्येच करते. आटपाडीला जायचे म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “तिथे बघण्यासारखे काय आहे?” मी म्हटले, “घरे.” तिचे समाधान झालेले दिसले नाही.

सरळ न जाता आम्ही आधी किर्लोस्करवाडीला वळलो. वाट वाकडी असली तरी ही जागा या गोष्टीतलीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि मग लोखंडी नांगरांचा कारखाना. नगरपालिकेला गावाची वाढ करायची होती, त्यात कारखान्याची जागा गेली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंग माजलेली माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांना दिले. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा इतिहास आपल्याकडे शाळेतच सांगतात. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र सहसा सांगत नाहीत. या नव्या वसाहतीच्या रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली होती. ज्या माणसाला गावात कोणी ओसरीवर बसू देत नाही, त्याच्या हाती अख्ख्या गावाची रात्र द्यायची, हे धाडस कारखाना काढण्यापेक्षा लहान म्हणता येणार नाही. आणि पहारेकऱ्याची नोकरी म्हणजे वसाहतीच्या आत एक जागा, एक ओळख आणि महिन्याचा पगार. स्वतंत्रपूरच्या आधी सुमारे तीस वर्षे, त्याच राजाच्या मुलखात हे घडले होते.

ते राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार. त्यांचे संस्थान होते बहात्तर खेड्यांचे, पण एका जागी नव्हते. औंध साताऱ्यात, कुंडल आणि आटपाडी इकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूर जिल्ह्यात. म्हणजे या मराठी राजाची काही प्रजा कन्नड बोलणारी होती. संस्थान 1948 साली विलीन झाले. पुढे 1956 ला राज्यांची रचना झाली तेव्हा आटपाडी एका राज्यात गेली आणि गुणदाळ दुसऱ्या. आपल्या भागात हे नवे नाही. सौ.ला मात्र गुणदाळ हे नाव ऐकल्यावर आटपाडी एकदम जवळची वाटू लागली.

विट्याला चहा घेतला. इथून पुढे रस्ता खानापूर घाटमाथ्यावरून भिवघाटाकडे जातो. (हे खानापूर सांगलीचे, आपले नव्हे, दर वेळी हे स्पष्ट करावे लागते.) हाच मोठा रस्ता पुढे जतवरून विजापूरला जातो. भिवघाटात तो सोडून करगणीच्या वाटेला लागले की झाडे विरळ होतात आणि आभाळ मोठे होते. कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने उचलून आता इकडे आणले आहे, त्यामुळे मधेच हिरवे चौकोन दिसतात. पण मातीचा रंग सांगतो की हा माळ फार वर्षे उपाशी होता. या असल्या माळावर 1939 साली तुरुंगातली माणसे आणून सोडली होती.

ही कल्पना निघाली एका परक्या माणसाच्या डोक्यातून, आणि त्याचा पहिला पत्ता बंगळूरचा होता. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधल्या वॉर्सा शहरातले ज्यू इंजिनियर. सर मिर्झा इस्माईल म्हैसूरचे दिवाण होते त्या काळात ते बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून आले. रमण महर्षींकडे जात, गांधींकडे जात, आणि भगवी वस्त्रे घालूनच कारखान्यात येत, अशी आठवण सांगतात. गांधींनी त्यांना भारतानंद हे नाव दिले. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची आणि त्यांची ओळख झाली आणि फ्रीडमन औंधला आले. राजांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचे ठरवले, गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि 1939 च्या जानेवारीत ती लागू झाली. त्या कामात फ्रीडमन होते. उतारवयात ते मुंबईत राहिले. तिथे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनी इंग्रजीत आणली आणि ते पुस्तक 1973 साली प्रसिद्ध झाल्यावर जगभर गेले. पुष्कळांना ते तेवढ्यासाठीच ठाऊक असतात.

फ्रीडमन यांचे म्हणणे असे होते की प्रजेला स्वराज्य द्यायचे तर तुरुंगातल्या प्रजेचे काय? राजांनी ते ऐकून घेतले, हे विशेष. संस्थानच्या तुरुंगातली, खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे निवडून आटपाडीजवळच्या माळावर आणली. फ्रीडमन स्वतः त्यांच्यात जाऊन राहिले. जमीन फोडायची, पिकवायची, तिथेच राहायचे. बायकामुलांना बोलावून घ्यायचे. कुलूप नाही आणि तटही नाही. वसाहतीचे नाव ठेवले स्वतंत्रपूर.

इथे ‘दो आँखें बारह हाथ’ची आठवण निघणारच. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट 1957 चा, कथा गदिमांची आणि तिचे मूळ याच वसाहतीत. 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. दोन डोळे जेलरचे, बारा हात सहा कैद्यांचे. चित्रपटाचा सगळा भर त्या डोळ्यांवर आहे. जेलरची नजर पाठीशी आहे म्हणून माणसे पळत नाहीत, असे आपण पाहतो आणि भारावतो. चित्रपट चांगला आहे यात वाद नाही. पण आटपाडीच्या रस्त्याला लागल्यावर मला वाटू लागले की खरी गोष्ट नजरेत नसून चुलीत असावी. संध्याकाळी घरी परत यायला कारण असले की माणूस परत येतो. डोळे कितीही प्रेमळ असले तरी ते बदलीवर जातात, निवृत्त होतात. चूल घरातल्या माणसांची असते.

त्याच संदर्भात मित्राने सांगलीच्या तुरुंगाची आठवण काढली. 1943 साली वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उड्या टाकून पळाले होते. “तट असला की उडी मारावीशी वाटते,” मित्र म्हणाला. तो इंजिनियर आहे, त्याला अशी वाक्ये सुचतात.

स्वतंत्रपूरला पोहोचलो तेव्हा ऊन तापले होते. परवानगीवाचून आत जाता येत नाही आणि आम्ही तशी मागितलीही नव्हती. कोणाचे घर पाहायला पाहुणा म्हणून जावे, प्रेक्षक म्हणून नव्हे. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून जेवढे दिसले तेवढे पाहिले. बैठी घरे. शेत. दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्यात एक शाळेचा गणवेश. एवढेच. कोणी अनोळखी प्रवासी जाईल तर त्याला हा मळा वाटेल किंवा वस्ती, तुरुंग वाटणार नाही. सौ. बराच वेळ त्या कपड्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, “सेरेमने म्हणतो आपण, पण मने तर इथेच दिसते.”

कन्नड न येणाऱ्या वाचकासाठी सांगतो: सेरे म्हणजे बंदिवास, मने म्हणजे घर. तुरुंगाला कन्नडमध्ये बंदिवासाचे घर म्हणतात, आणि आपल्या मराठीतही कारागृह, बंदिगृह आहेच. दोन्ही भाषांनी तुरुंगाला घर म्हणून टाकले आहे. एका अर्थी ते खरेच असते. आत वेळेवर जेवण असते, निजायला जागा असते, नाव घेऊन हाक मारणारे कोणी असते. बाहेर पडल्यावर या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जातात.

आता ते कारण. आमच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाची ओळ तिने कोरी सोडली म्हणून मी विचारले, तेव्हा कळले की वडील हिंडलग्याला आहेत. शेताच्या बांधावरून भांडण, त्यात एक जण गेला, जन्मठेप. ती तेव्हा दुसरीत होती. गावातले घर चुलत्याच्या ताब्यात गेले, उताऱ्यावरचे नाव आहे की नाही हेही तिला नीट ठाऊक नव्हते. मायलेकी वडगावला यंत्रमागांच्या खडखडाटात एका खोलीत राहत होत्या. आई मागावर कांड्या भरण्याच्या कामाला जायची. “सर, अप्पा आता सुटतील म्हणतात,” ती म्हणाली, “पण यायचे कुठे?” गावात जाता येत नाही, कारण ज्यांचे माणूस गेले त्यांचे दार समोरच आहे. आणि खोलीच्या मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवलेले, की तुम्ही दोघीच आहात म्हणून जागा दिली. मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या घरात दोन लग्नाच्या मुली होत्या आणि वर पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यात काय लिहायचे हा त्यांचा प्रश्न होता.

त्या मुलीमुळे मला एक गोष्ट कळली, जी पुस्तकात वाचून कळली नव्हती. घराचा प्रश्न सुटकेच्या दिवशी सुरू होत नाही. तो शिक्षेच्या मधल्या वर्षांतच सुरू होतो. महाराष्ट्रात ज्याला संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात, आपल्याकडे सरसकट पॅरोल म्हणतात, ती रजा मिळण्यासाठी पत्ता लागतो, जामीन राहणारा लागतो, आणि त्या गावच्या पोलिसांचा अहवाल लागतो. ज्याला पत्ताच उरला नाही त्याची रजा अडते. रजा अडली की घरच्यांशी गाठ पडत नाही, आणि गाठ पडली नाही की घर आणखी तुटते. जन्मठेपेची चौदा वर्षे झाली की माणूस आपोआप सुटतो अशी आपली समजूत असते, तीही खरी नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर. गंभीर गुन्ह्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर सरकार प्रकरण पाहते, आणि तिथेही पुन्हा पोलिसांचा अभिप्राय असतोच. म्हणजे ज्याचे बाहेर कोणी नाही तो आतच जास्त दिवस राहण्याची शक्यता.

स्वतंत्रपूरने हीच साखळी उलटी फिरवली. शिक्षा चालू असतानाच घर दिले. नवरा-बायको भांडतील, समेट करतील, मुलांना बाप रोज दिसेल, पोराच्या तापात तो रात्रभर जागेल. सुटून जाईल तेव्हा त्याला कुटुंब नव्याने ओळखून घ्यावे लागणार नाही. औंधच्या खजिन्यात पैसा फारसा नव्हता. संस्थान गरीब होते. पण माळ होता, आणि माळावर घर बांधायला तट बांधण्याएवढा खर्च येत नाही.

त्याच काळात आपल्याच भागात याच्या अगदी उलट प्रकार चालू होता, हे विसरता येत नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रज सरकारने सोलापूरला, हुबळीला तारेच्या कुंपणातल्या वसाहती केल्या होत्या. हुबळीत त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. तिथेही कुटुंबेच ठेवली होती, पण गुन्हा सिद्ध होऊन नव्हे, अमुक जातीत जन्म झाला म्हणून. हजेरी द्यायची, परवान्यावाचून बाहेर जायचे नाही. स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो कायदा गेला. एकाच वेळी, काही तासांच्या अंतरावर, निरपराध माणसे तारेच्या आत होती आणि खुनाची शिक्षा झालेली माणसे मोकळ्या माळावर. इतिहास शिकवताना ही दोन ठिकाणे मी एकाच तासाला घेतो. मुले गप्प होतात, मग कोणीतरी विचारते, “सर, मग पळाले कोण?”

प्रयोग थोर होता, तर तो पसरला का नाही, हा प्रश्न कोणीही विचारील. थोडाफार पसरला. संपूर्णानंद उत्तर प्रदेशचे नेते. त्यांच्या पुढाकाराने तिकडे खुली शिबिरे निघाली आणि पुढे ते राजस्थानचे राज्यपाल असताना जयपूरजवळ सांगानेरला 1963 मध्ये खुले शिबिर झाले. तिथेही बंदी कुटुंबासह राहतात, स्वतः कमावतात, सकाळ-संध्याकाळ हजेरी देतात. महाराष्ट्रात येरवडा, पैठण वगैरे ठिकाणी खुली कारागृहे आहेत, पण ती बहुतेक शेतीकामाची, एकट्या पुरुषांची. कुटुंबासह राहण्याची सोय म्हटली की बोट पुन्हा स्वतंत्रपूरकडेच जाते, आणि तिथल्या जागा तीसच्या आत आहेत. कर्नाटकात देवनहळ्ळीजवळ कोरमंगल येथे एक खुला तुरुंग आहे. बंगळूर शहरातले कोरमंगल ते हे नव्हे. कन्नडमध्ये याला ‘बयलु बंदीखाने’ म्हणतात. बयलाट पाहणाऱ्यांना बयलु म्हणजे काय ते सांगायला नको.

बंगळूरच्याच मध्यवर्ती तुरुंगातून एका बंद्याने देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. त्यावरून ‘राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य’ हा खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डिसेंबरात तुरुंगांचे नऊ प्रश्न मोजून दाखवले. गर्दी, खटल्यांची दिरंगाई, आरोग्याची हेळसांड, भेटीगाठी हे सगळे त्यात होते, आणि शेवटचा, नववा प्रश्न खुल्या तुरुंगांच्या व्यवस्थेचा होता. त्याआधी न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने 1983 मध्ये खुल्या तुरुंगांची आणि सुटकेनंतरच्या आधाराची शिफारस केली होती. केंद्राने 2023 मध्ये नमुना कायदा केला, त्यातही सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे कलम आहे. पण तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राचा नमुना हा नमुनाच असतो.

या सगळ्यात दोन जागी गाडी अडते असे मला वाटते. पहिली म्हणजे खुला तुरुंग फक्त शिक्षा झालेल्यांसाठी. देशातल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. त्यातले कित्येक वर्षानुवर्षे आत काढून निर्दोष सुटतात. त्यांना ना शिक्षा, ना सूट, ना वसाहत. त्यांची खोलीही गेलेली असते आणि नोकरीही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम 1990 पासून अशा माणसांबरोबर काम करतो. आधी डोके टेकायला तात्पुरती जागा, कागदपत्रे, मग एखाद्या संस्थेत काही महिन्यांचे काम, म्हणजे पुढे विचारले तर सांगायला अनुभव होतो. काम चिकाटीचे आहे. पण मुंबईत आहे, आणि आमची मुलगी वडगावात.

दुसरी अडचण स्वतंत्रपूरच्या पोटातलीच. घर शिक्षेबरोबर मिळते, म्हणून ते शिक्षेबरोबरच संपते. सुटकेचा कागद हाती पडला की ते घर दुसऱ्या बंद्याचे. सांगानेरला शिक्षा संपली तरी शिबिर सोडवत नाही अशी माणसे निघतात, असे पाहणी करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. ऐकताना हसू येते, पण त्यात हसण्यासारखे काही नाही. आतले घर आणि बाहेरचे घर यांच्यामध्ये एक पूल हवा होता, तो ना औंधने बांधला ना पुढच्या सरकारांनी. वर्षभराचे भाडे, मालकाला धीर देणारा एखादा परिविक्षा अधिकारी, डिपॉझिटची रक्कम, इतक्या साध्या गोष्टींचा तो पूल आहे. आणि आपल्या भागात तर त्यावर राज्याची सीमाही आडवी येते. शिक्षा कर्नाटकात, बायकोचे माहेर महाराष्ट्रात, तर कुठल्या कचेरीत जायचे? दोन्हीकडून एकच उत्तर येते: तिकडे विचारा.

परतीच्या वाटेवर सौ.ने ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ ही म्हण काढली. आपली ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ तीच ती, शब्दाला शब्द. दोन्ही भाषांत ही म्हण आयुष्यात स्थिरावलेल्या माणसाला थट्टेने ऐकवतात. पन्नाशीत, हातात तुरुंगातल्या मजुरीचे थोडे पैसे घेऊन बाहेर पडलेल्याला ती ऐकवून पाहावी. त्याला घर बांधायचे नसते, एक दार हवे असते. भाड्याचे चालेल. आणि हे दार सरकारच्या हाती नाही, ते आपल्या हाती आहे. वडगावात, शहापुरात, टिळकवाडीत ज्यांच्या मागच्या अंगणात एक खोली रिकामी आहे, त्यांच्या. मी स्वतः आमच्या गल्लीत दोन ठिकाणी शब्द टाकून पाहिला. एकाने विचारले, “खून केलाय ना त्याने?” मी हो म्हटले. दुसऱ्याने विचारले, “भाडे वेळेवर देईल का?” मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडला, कारण त्याला उत्तर देता येत होते.

त्या दुसऱ्याकडेही खोली मिळाली नाही. त्यांच्या मुलाने नको म्हटले. मुलीचे अप्पा पावसाळ्याच्या तोंडावर सुटले. सध्या ते खानापूर तालुक्यात एका वीटभट्टीवर राखण करतात आणि तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहतात. मालकाला सगळे सांगूनच ठेवले आहे. पावसात भट्टी बंद असते तेव्हा काय, हे अजून ठरलेले नाही. मायलेकी दर रविवारी सकाळच्या बसने डबा घेऊन जातात. मागच्या वेळी मुलगी भेटली तेव्हा सांगत होती की अप्पांना भाकरी आवडते, पण आईच्या हातची भाकरी आता त्यांना जाड लागते. आत पंधरा वर्षे पातळ चपाती खाल्ली ना. आई रागावली, म्हणाली, मग तुम्हीच थापा. तेव्हापासून रविवारी भाकरी अप्पा थापतात.